अंगावर घेतलेला बोल

“रुखमा येत असन त मी गाडीत बसत नाई!”

सासूचे, आनंदाबाईंचे शब्द अंगणातून माजघरात आले, आणि सासऱ्यांच्या पायात मोजा चढवणाऱ्या रुखमाचे हात थबकले... फक्त क्षणभरच! मग तिने दुसरा मोजाही तितक्याच हळुवारपणे चढवला, त्याची चुणी सारखी केली आणि सोमाजींची चप्पल पुढे ओढली. अकरा वर्षांत तिने याहून कितीतरी जहरी शब्द गिळले होते.

दिघोरीतल्या त्या घरापुढे नागपूरहून आलेली पांढरी गाडी उभी होती. या घरच्या लेकीने, गुंजनने, ती पाठवली होती. आज संध्याकाळी सहा वाजता नागपूरच्या एका मोठ्या नाट्यगृहात गुंजनच्या एकटीच्या गाण्याचा कार्यक्रम होता, आणि पहिल्या रांगेतले पाच पास तिने ड्रायव्हरच्या हाती धाडले होते. आईबापांसाठी, दादासाठी, त्याच्या लेकीसाठी, गुड्डीसाठी... आणि वहिनीसाठी!

“तू राय घरी,” रुखमाचा नवरा धनीराम दारातूनच म्हणाला. तिच्याकडे न पाहता बोलण्याची त्याला आता सवय झाली होती. “धान खळ्यावर उघडं पडलं आहे.”

“बरं,” रुखमा म्हणाली.

पण तेवढ्यात तिच्या मनगटाभोवती सोमाजींची बोटे आवळली. दोन वर्षांपूर्वी लकवा मारल्यापासून म्हाताऱ्याची उजवी बाजू लुळी पडली होती, जीभ जड झाली होती. त्यांनी मोठ्या कष्टाने एकेक शब्द तोंडाबाहेर ढकलला.

“रुखमा... नाई... त मी बी... नाई.”

सगळ्यांना वाटले, म्हाताऱ्याला गोळ्या देणारी, घास भरवणारी, मोरीपर्यंत नेणारी बाई सोबत हवी असणार. आनंदाबाई तोंड फिरवून पुढच्या सीटवर जाऊन बसल्या. रुखमाने शेजारणीला धानाकडे लक्ष ठेवायला सांगितले आणि सासऱ्यांना धरून मागे बसवले.

गाडी पवनीच्या रस्त्याला लागली. कापणी झालेल्या बांध्या, धानाची रिकामी खाचरे, दोन्हीकडे पसरल्या होत्या, आणि रुखमाच्या अंतःकरणात मात्र अकरा वर्षांपूर्वीची ती पहाट जशीच्या तशी जागी झाली होती...

गुंजन तेव्हा वीस वर्षांची होती. गळा असा की रोवणीच्या बाया हातातले रोप तसेच धरून तिला ऐकत उभ्या राहायच्या! तुमसरच्या राइस मिलवाल्यांकडचे स्थळ आले, सोमाजींनी शब्द दिला, साक्षगंधाचा, म्हणजे साखरपुड्याचा, दिवस ठरला. सासरच्यांची अट एकच होती, पोरीने गाणे सोडायचे. साक्षगंधाच्या आदल्या पहाटे गुंजन रुखमाच्या गळ्यात पडून म्हणाली होती, “वयनी, मी जगन, पण आतून मरून जाईन वं!” नागपूरला मधुकरराव नावाचे वयोवृद्ध गायनमास्तर आणि त्यांची पत्नी तिला लेकीसारखी ठेवून घ्यायला तयार होते. रुखमाने फार विचार केला नाही. आपली शाल तिच्या अंगावर घातली, पिशवी हातात दिली आणि तिला पहिल्या बसला बसवून आली.

सकाळी घरात आकांत झाला. अंगणात माणसे जमली. “पोरगी कोनासंगं पळाली?” हा एकच प्रश्न प्रत्येकाच्या डोळ्यांत होता. तो प्रश्न कुणाच्या ओठांवर येण्याआधीच रुखमा चार माणसांत पुढे झाली आणि म्हणाली, “कोनासंगं नाई गेली. माह्यं तिच्यासंगं भांडन झालं. मीच म्हटलं, निघ माह्या घरातून.”

बस्स! त्या एका वाक्याने गुंजनच्या चारित्र्यावर उडू पाहणारा चिखल रुखमाच्या अंगावर आला, आणि तो तिने कधी पुसला नाही. दहा दिवसांनी ठावठिकाणा कळला आणि धनीराम नागपूरला गेला, तेव्हा गुंजन एवढेच म्हणाली, “दादा, मी आता घरी येनार नाई.” ती गाण्यासाठी म्हणाली होती. त्याला वाटले, वहिनीने केलेल्या अपमानापायी म्हणाली. तेव्हापासून त्याने बायकोशी कामापुरतेच बोलायचे ठरवले. सणावाराला गुंजनचा फोन येई; त्या सकाळचा विषय त्यात कुणी काढत नसे. फोन आला की रुखमा हातातले काम टाकून मागच्या वाडीत निघून जाई. गावात ती ‘नणंद हाकलणारी’ झाली. लग्नकार्यात नव्या नवरीला तिच्या हातून हळद लावू देत नसत...

नाट्यगृह भले थोरले होते. लाल खुर्च्यांच्या रांगा, छताला टांगलेले दिवे, रंगमंचामागे प्रचंड पडदा आणि त्यावर गुंजनचा हसरा चेहरा! माइकवर कुणी तरी ‘चेक, चेक’ म्हणत होते. तबलजी हातोडीने तबला ठोकत सूर लावत होता. ते सगळे पाहून गुड्डी हरखून गेली.

मेकअपच्या खोलीत गुंजन आरशापुढून उठली आणि धावतच आईच्या गळ्यात पडली. बापाच्या पायांवर तिने डोके ठेवले. दादाच्या खांद्याला धरून ती हसली, रडली. आणि मग तिची नजर दारात उभ्या रुखमावर गेली...

“वयनी!”

“मामाजीले पानी आनतो,” सासऱ्यांचे निमित्त करून रुखमा घाईने पुटपुटली आणि बाहेर सटकली. इतक्या वर्षांचे सगळे त्या एका हाकेने बाहेर येईल, अशी तिला भीती वाटली होती.

बाटली घेऊन ती परतली तेव्हा दार अर्धवट उघडे होते. आत गुंजन बोलत होती.

“माय, तुले काय सांगू! लॉनवर लग्नं, हॉटेलच्या गच्चीवर पार्ट्या, साखरपुडे, वाढदिवस... अकरा वर्षं लोक जेवत रायले अन् मी गात रायली. कोनी पाठ करून बसे, कोनी फोनवर बोले. आज पहिल्यांदा सगळ्या खुर्च्या माह्याकडं तोंड करून आहेत वं!”

आनंदाबाईंना हुंदका आवरेना. “माह्या लेकीनं परक्या गावात किती सोसलं! त्या दिवशी त्या बाईनं तुले हाकललं नसतं त...”

“कोनत्या बाईनं?” गुंजनचा आवाज एकदम बदलला. “मले कोनी हाकललं?”

रुखमा झपकन आत शिरली आणि सासूपुढे उभी राहिली.

“मामीजी, आजच्या दिवशी तो विषय कायले? हो, मीच हाकललं. गावाले ठाऊक आहे. आता तिले गाऊ द्या.”

गुंजन तिच्याकडे पाहतच राहिली. तिने बोलायला तोंड उघडले. रुखमाच्या डोळ्यांत एकच विनवणी होती... बोलू नको, पोरी, आज बोलू नको!

आणि तेवढ्यात कोपऱ्यातल्या खुर्चीतून जड, तुटका आवाज आला.

“मी... जागा... होतो.”

सगळ्यांनी वळून पाहिले. सोमाजींच्या गालांवरून पाणी ओघळत होते.

“ओसरीत... खाटेवर... जागा होतो. रुखमानं... शाल घातली. म्हने... गाऊन घे, मागं पाहू नको. मी... डोळे... मिटून घेतले.”

“बाबा!” धनीराम पुढे झाला. “तुमाले मालूम होतं?”

“शब्द... मी देल्ला होता... तुमसरवाल्याइले. तोडाची... हिंमत नोती. पोरगी गेली... मले बरं वाटलं.” ते थांबले. त्यांनी धाप लागल्यागत श्वास घेतला. “बोल... सुनेनं घेतला... मी... घेऊ देल्ला. जीभ चालत होती... तवा बोललो नाई. आता... चालत नाई... तरी बोलतो.”

आनंदाबाई भिंत चाचपत स्टुलावर बसल्या. कुणी तरी दार वाजवून सांगून गेले, “ताई, पाच मिनिटं.”

गुंजन रुखमाच्या कुशीत शिरली. “वयनी, माह्यासाठी? अन् मले वाटे, तू माह्यावर रागावली म्हनून फोनवर येत नाई! काहून नाई आली?”

“तुहा आवाज आयकला असता त माह्या तोंडून ‘ये’ निघून गेलं असतं,” रुखमा म्हणाली. “मंग तुहं गानं रायलं असतं.” तिने पदराने नणंदेचे डोळे टिपले. “रडू नको. घसा बसन. लोक वाट पाहून रायले.”

गुंजन गेली. घंटा झाली, दर्शनी पडदा वर सरकला, आणि रोवणीच्या गाण्याचा पहिला सूर त्या लाल खुर्च्यांवरून संथपणे मागच्या भिंतीपर्यंत गेला. गळा किंचित ओला होता, पण मोडला नाही! कुणी जेवत नव्हते, कुणी बोलत नव्हते. पहिल्या रांगेत सोमाजी डाव्या हाताने मांडीवर ठेका धरत होते, आणि रुखमा त्यांच्याशेजारी अगदी शांत बसली होती.

मध्यंतरात धनीराम बाहेरच्या टपरीवरून चहा घेऊन तिला शोधत आला. हातात दोन कप.

“तू सांगतलं काहून नाई?”

“तुमी इचारलं कदी?” रुखमाने त्याच्या डोळ्यांत पाहिले. तिच्या स्वरात चढ नव्हता, आणि म्हणूनच ते शब्द त्याच्या काळजात अधिक खोल रुतले. “सारे सांगत गेले, तुमी मानत गेले. एका रातीही म्हटलं नाई, रुखमा, खरं काय झालं?”

धनीरामची मान खाली गेली. “माह्यी चूक झाली. लहान नाई... अकरा वर्षांची.”

इतकी वर्षे तिने मनात राग येऊ दिला नव्हता. आता, सारे निवळल्यावर, तो येऊन उभा राहिला आणि तिचे तिलाच आश्चर्य वाटले! तिने तो लपवला नाही.

“माफ केलं असं आजच म्हनता येत नाई मले,” ती म्हणाली. “म्हनता येईन हळूहळू. च्या द्या, थंडा होऊन रायला.”

त्याने कप दिला. लग्नाला एकोणीस वर्षे झाली होती, पण त्याने तिला चहा आणून देण्याची ही पहिलीच वेळ होती.

आनंदाबाई मात्र त्या संध्याकाळी एक शब्दही बोलल्या नाहीत. परतीच्या प्रवासात नाहीत, दुसऱ्या दिवशीही नाहीत. रुखमाला वाटले, म्हातारीचा अभिमान आहे, तो असा थोडाच गळून पडणार! तिने नेहमीसारखी भाकर थापली, ताट वाढले, धान पोत्यांत भरले.

तिसऱ्या दिवशी दुपारी गिरजाबाई नागपूरची खबर घ्यायला आली. गावातल्या प्रत्येक घरची गोष्ट दुसऱ्या घरी पोचवणारी ती बाई! तिच्या मागोमाग आणखी चौघीजणी येऊन ओट्यावर टेकल्या. रुखमा आत चुलीपाशी होती.

“कार्यक्रम झाला म्हने मोठा,” गिरजाबाई आवाज खाली आणत म्हणाली. “पोरगी नशिबाची. नाई त वयनीनं हाकललेल्या पोरीचं कोठं भलं होते?”

मग आनंदाबाईंचा आवाज आला, आणि तो मुद्दामच मोठा काढलेला होता.

“हाकललं नोतं वं गिरजा, धाडलं होतं! माह्या लेकीचं नाव खराब होऊ नये म्हनून सुनेनं खोटं सांगतलं, अन् मी ते खोटं अकरा वर्षं गावभर वाटलं. ते सांगाले तू घरोघरी गेली होती ना? आता हे बी घरोघरी सांग. आनंदाबाईनं सोताच्या तोंडानं सांगतलं म्हन.”

चुलीपुढे रुखमाचे दोन्ही हात पिठात होते. डोळे भरून आले, पण पुसता येईनात.

“रुखमा!” बाहेरून हाक आली. या खेपेला आवाज कापरा होता. “राहू दे ते काम, बेटा. ये बाहेर. माह्याजवळ बस.”

रुखमा पिठाच्या हातांनी तशीच बाहेर आली. गिरजाबाईने मुकाट्याने अंग चोरून जागा केली, आणि आनंदाबाईंनी सुनेचे ते पिठाळ हात आपल्या मांडीवर ओढून घेतले.