लाइल हुबेनकाची बाटली

लाइल हुबेनका खुर्चीत बसला आणि लगेच उठला. खिडकीशी गेला, परत आला. टोपी काढली, पुन्हा घातली.

"बस की रे," व्हर्ना म्हणाली. "तुझ्याकडे बघून मलाच भोवळ येतेय."

"बसवत नाही गं. हातात स्टिअरिंग नसलं की या हातांचं करायचं काय, तेच कळत नाही."

बाहेर वारा सुटला होता. कणसं कापून मोकळ्या झालेल्या शेतांवरून तो सरळ गावात घुसायचा आणि खालच्या हार्डवेअरच्या दुकानाची पाटी दिवसभर खडखडवत ठेवायचा. त्या दुकानाच्या माडीवर इनेझ प्रोकोपचं ऑफिस होतं. राज्याच्या विमा खात्यात तिने आयुष्यभर खोटे अपघात पकडले, आणि निवृत्त झाल्यावर खाजगी तपासाचा परवाना काढला. व्हर्ना तिची भावजय. कॉफी व्हर्ना करायची, खसखशीचे कोलाचे, म्हणजे गोड पावही तीच आणायची, आणि प्रत्येक प्रकरणात चुकीच्या माणसावर संशयही तीच घ्यायची.

"पहिल्यापासून सांग," इनेझ म्हणाली.

सांगण्यासारखं फारसं नव्हतं. लाइल ओस्टरगार्डच्या कंपनीत दुधाचा टँकर चालवायचा. ड्रायव्हरांची अधूनमधून अचानक चाचणी व्हायची. संगणक नावं काढायचा, ज्याचं नाव निघेल त्याने कपात लघवी द्यायची. या खेपेला लाइलचं आणि ट्रेंट नावाच्या तरुण ड्रायव्हरचं नाव निघालं. लाइलच्या नमुन्यात झोप उडवणारं औषध सापडलं. आता देशभरच्या यादीत त्याचं नाव लागलं होतं. कुठलीच कंपनी त्याला गाडीवर बसू देणार नव्हती.

"आणि बायकोचं, बर्निसचं डायलिसिस कंपनीच्या विम्यावर चाललंय," लाइल म्हणाला. "महिनाअखेर विमा बंद. इनेझ, मी आयुष्यात कॉफीपलीकडे काही घेतलेलं नाही. व्हर्नाला विचार."

व्हर्नाला विचारायची गरजच नव्हती. ओस्टरगार्डच्या ऑफिसात वायरलेस रेडिओवर बसून तिने या माणसांना अर्धं आयुष्य रस्ते सांगितले होते. तेव्हा चाचण्या नव्हत्या. थंडीत कोटाच्या खिशात चपटी बाटली ठेवणारे कितीतरी होते. त्यांतले दोघे तर बर्फातून घरी आलेच नाहीत. लाइलच्या खिशात मात्र कायम पेपरमिंटच्या गोळ्या.

"अगं, हा तर इतका लाजाळू," व्हर्ना हसली. "रस्त्याकडेला सगळे रांगेत उभे राहायचे आणि हा बिचारा टँकरला वळसा घालून जायचा. तरी व्हायची नाही. 'लाइलचं कुलूप' म्हणायचे सगळे."

लाइलचे कान लाल झाले. "ते कुलूप अजून तसंच आहे. त्या दिवशी पहिला मीच गेलो, पण होईचना. ट्रेंट मागून आला आणि माझ्याआधी मोकळा झाला. मी आपला बाकावर बसून पाणी ढोसतोय. मालक डेल ओस्टरगार्ड स्वतः जग भरून देत होता. म्हणाला, 'पी काका, तीन तासांत झाली नाही तर नकार दिल्यात जमा.' पोट टम्म झालं तेव्हा कुठे कुलूप उघडलं."

"दरवेळी असंच होतं?"

"दरवेळी. गेल्या वर्षी तर निकाल आला, नमुना पातळ आहे. डेलने दुसऱ्या दिवशी पुन्हा बोलावलं. कंपनीचा नियमच आहे तसा."

इनेझच्या कोटाचं एक बटण सुटत आलं होतं. ती ते फिरवत होती.

"पण दुसरी बाटली असते ना?" व्हर्नाला एकदम आठवलं. "एका कपाच्या दोन बाटल्या करतात. दुसरी तपासा म्हणावं!"

"मागणी केलीय मी," लाइल म्हणाला.

"तीही तशीच येईल," इनेझ म्हणाली. "एकाच विहिरीच्या दोन बादल्या. विहीर कुणाची, ते बादली सांगत नाही. तू घरी जा लाइल, बर्निसपाशी बस."

जिना उतरताना व्हर्नाने आपला निकाल देऊन टाकला. "ती नमुने घेणारी बाई. तिनेच काहीतरी घातलंय."

"कशासाठी?"

"ते तू शोध. सगळं मीच करायचं का?"

*

नमुने घेणारी बाई म्हणजे रोंडा स्टाल्प. गाडीत सामान घालून ती चार-पाच गावांतल्या कंपन्यांकडे जायची. त्या दुपारी ती धान्याच्या कोठारावरच्या ड्रायव्हरांकडे आली होती. डोळे थकलेले, पण बोलणं सरळ.

"लाइलचं ऐकून मला झोप नाही," ती म्हणाली. "पण कपात मी काही घातलं नाही, कुणी घालू शकतही नाही. संडासातलं पाणी मी निळं करते, कुणी कपात मिसळलं तर दिसावं म्हणून; नळ बंद करते, कप हातात येईपर्यंत दारातून हलत नाही."

"मग काम कसं करता ते दाखवा ना. आम्ही दोघी ड्रायव्हर आहोत असं समजा."

"मी नाही हं कपात देणार," व्हर्ना घाईने म्हणाली.

रोंडाला पहिल्यांदाच हसू आलं. तिने व्हर्नाच्या नावाचा कागद काढला. त्यावर बाटल्यांच्या तोंडावर लावायच्या दोन चिकटपट्ट्या होत्या. "इथे दोन्हींवर नावाची आद्याक्षरं टाका." व्हर्नाने टाकली. रोंडाने पट्ट्या सोलल्या आणि बेसिनच्या स्टीलच्या काठावर अलगद चिकटवून ठेवल्या. मग इनेझकडून अक्षरं घेतली आणि तिच्या पट्ट्या शेजारी लावल्या.

"अक्षरं आधीच घेता?"

रोंडाने पट्टीचा सुटलेला कोपरा दाबला. मग म्हणाली, "नियमाने पट्टी बाटलीला लावून मग ड्रायव्हरने अक्षरं टाकायची, माझ्यासमोर. पण दूधवाले थांबतात का? कप दिला की पळाले. एकदा एक असाच पळाला, अक्षरांवाचून नमुना रद्द झाला आणि बोलणी मी खाल्ली. तेव्हापासून सगळं आधीच घेऊन ठेवते."

"आणि ट्रेंट? तोही पळाला?"

"तो तर धावतच सुटला. टँकर फाटकातच उभा करून आला होता. लाइल थांबला असता, पण बिचारा इतका लाजला होता की कप टेकवला आणि मान खाली घालून निघून गेला. त्या वेळी मी ट्रेंटच्या बाटल्या भरतच होते. मग लाइलच्या भरल्या, सगळ्यांना पट्ट्या लावल्या, डब्यात घातल्या."

इनेझने काठावरच्या पट्ट्यांकडे बराच वेळ पाहिलं. "आता बाटल्या आल्या असं समजा. पट्ट्या कुठून उचलता?"

"डावीकडून," रोंडा म्हणाली. "नेहमी डावीकडून."

गाडीत बसल्यावर व्हर्ना म्हणाली, "चांगली वाटली गं बाई. नाही, हिने नाही केलं. मग डेलने!"

इनेझने गाडी सुरू केली. वाऱ्याने ती रस्त्यावर हलत होती.

*

ट्रेंट बेक डेलच्या बहिणीचा मुलगा. तो कंपनीच्या आवारात टँकरला नळी जोडत होता. शीतयंत्रांची घरघर चालू होती. तो बोलायचा भरभर, आणि तोंडात काही नसताना जबडा हलत होता.

"लाइलकाकांचं वाईट झालं, मॅडम. पण म्हातारे लोक काय काय घेतात कुणाला माहीत! सांधे दुखतात, कुणी गोळी देतं..."

"तुझ्यापेक्षा सरळ चालतो तो," व्हर्ना फणकारली.

"तुला त्या दिवशी लगेच झाली म्हणे," इनेझ म्हणाली.

"लगेच? फुटायची बाकी होती! पहाटेपासून गाडीवर, रस्त्यात थांबलो नाही, पाण्याचा थेंब घेतला नाही. आलो, दिली, सुटलो." तो हसला. "निकाल चोख. डेलमामा म्हणाला, नमुना जरा पातळ निघाला, एवढं पाणी पीत जाऊ नकोस."

"मग दुसऱ्या दिवशी पुन्हा द्यावी लागली असेल."

"छे! मामा म्हणाला, राहू दे." त्याने नळीला हिसडा दिला. "हे दूध टँकरमध्ये चढलं की मला निघायचंय. संध्याकाळपर्यंत अजून एक खेप."

इनेझ चालताचालता थांबली. हातातलं बटण तुटून खाली पडलं. ते उचलायलाही ती वाकली नाही.

"व्हर्ना, रोंडाला फोन कर. लाइललाही. डेलच्या ऑफिसात, आत्ताच्या आत्ता."

"कुणी केलं ते कळलं तुला?"

"आधी झाली ती चूक. जे कुणी केलं, ते नंतर."

व्हर्नाला काही कळलं नाही, पण फोन तिने लावले.

*

सगळे जमेपर्यंत ट्रेंटचा टँकर फाटकाबाहेर पडला होता.

डेल ओस्टरगार्ड वडिलांच्याच टेबलामागे बसला होता. कोपऱ्यात व्हर्नाचा जुना रेडिओ अजून होता. या भागात फोन लागत नाही तिथे तोच चालायचा. लहानपणी डेल याच रेडिओच्या टेबलाखाली गाड्या खेळायचा आणि व्हर्ना त्याला पायाने हळूच ढोसायची.

"मला वेळ नाहीये," डेल म्हणाला.

"कुणालाच नाही," इनेझ म्हणाली. "म्हणूनच तर हे घडलं."

लाइल भिंतीशी उभा होता. बसायला कुणी सांगितलं नाही, आणि सांगितलं असतं तरी तो बसला नसता.

"लाइल त्या दिवशी जग भरभरून पाणी प्यायला," इनेझने सुरुवात केली. "गेल्या वर्षी एवढ्याच पाण्याने त्याचा नमुना पातळ आला. या वर्षी त्याच्या नावाचा नमुना पातळ नाही. उलट ट्रेंट. पहाटेपासून थेंब न घेतलेला, आल्या आल्या मोकळा झालेला. त्याच्या नावाचा नमुना मात्र पाण्यासारखा. पाणी पितो एक आणि पातळ होतो दुसरा?"

"म्हणजे बाटल्या बदलल्या!" व्हर्ना ओरडली. "पण बदलल्या कुणी?"

"बाटल्या जागच्या हलल्या नाहीत. पट्ट्या चुकल्या. रोंडा, अक्षरं आधी कुणाची घेतलीत?"

"लाइलची. तोच आधी आला..." रोंडा म्हणाली.

"म्हणून काठावर डावीकडे लाइलच्या पट्ट्या, शेजारी ट्रेंटच्या. रोजच्या रोज हे जमतं, कारण जो आधी येतो तोच आधी देतो. त्या दिवशी आधी आलेल्याला कुलूप लागलं. बाटल्या आधी भरल्या त्या ट्रेंटच्या. आणि तुमचा हात गेला डावीकडे."

रोंडाने दोन्ही हात तोंडावर धरले.

"नियमाने पट्टी बाटलीवर लावून मग अक्षरं घेतली असती, तर ट्रेंटने लाइलच्या पट्टीवर आपली अक्षरं टाकलीच नसती. तिथेच चूक सापडली असती."

"देवा! निकाल तपासणाऱ्या डॉक्टरांना मी आत्ता कळवते. निकाल रद्द करायचा अधिकार त्यांना आहे. माझी चूक लिहून देते, माझा परवाना गेला तर गेला."

"हा नुसता तर्क आहे," डेल म्हणाला. टेबलावरची पेन्सिल तो सारखी सरळ करत होता.

"आहे. हाच तर्क सगळ्यांत आधी तुम्हाला सुचला. जग तुम्ही भरत होतात. फाटकात उभा टँकर तुम्ही पाहिलात. ट्रेंटचा नमुना पातळ, असं कळवलं गेलं ते तुम्हाला. गेल्या वर्षी लाइलला तुम्ही दुसऱ्या दिवशी पुन्हा बोलावलं, नियम तुमचाच. या वेळी भाच्याला म्हणालात, राहू दे. का? पुन्हा चाचणी झाली असती, तर त्याच्या बाटलीत काय निघालं असतं हे तुम्हाला ठाऊक होतं."

डेलने पेन्सिल सोडली.

"बहिणीचा एकुलता एक आहे तो," डेल पुटपुटला. "मला वाटलं, त्याला समजावीन. हळूहळू सोडवीन. काकाचं वय झालंय, तो आज ना उद्या घरी बसणारच..."

"आणि बर्निस?" लाइल म्हणाला. तो एवढंच बोलला, आणि तेही मोठ्याने नाही.



"डेल," व्हर्ना म्हणाली, "तो पोरगा आत्ता कुठे आहे?"

डेलने खिडकीतून रिकाम्या फाटकाकडे पाहिलं.  भरलेला टँकर, हा वारा, आणि पहाटेपासून गोळ्यांवर जागा असलेला ट्रेंट. बर्फातून न परतलेल्या त्या दोघांचे आवाज व्हर्नाला अजून आठवत होते. शेवटचं बोलणं तिच्याशीच झालं होतं.

"बोलाव त्याला."

डेलने रेडिओचा माइक उचलला.  त्याने ओठ उघडले, मिटले, आणि माइक व्हर्नापुढे धरला.

ती आपल्या जुन्या खुर्चीत बसली. माइकचं बटण अजून तिथेच होतं, अंगठ्याखाली.

"ट्रेंट, व्हर्ना बोलतेय. ऐकू येतंय का?"

खरखर.

"ट्रेंट, बाळा, तुझ्यावर कुणी रागावलेलं नाही. पुढे जिथे रुंद जागा दिसेल तिथे गाडी बाजूला घे. इंजिन बंद कर. चावी खिशात ठेव."

खरखर. लाइल भिंतीपासून पुढे येऊन तिच्या खुर्चीमागे उभा राहिला.  मग एक आवाज आला. भरभर नाही, एकदम लहान मुलाचा.

"थांबलोय मॅडम. पुलाच्या अलीकडे. माझे हात स्थिर राहात नाहीयेत."

"तिथेच बस. आम्ही येतोय."

व्हर्नाने माइक खाली ठेवला. "गाडीतून आपण जाऊ. पण तो टँकर परत कोण आणणार?"

सगळ्यांनी लाइलकडे पाहिलं. त्याने टोपी काढली, पुन्हा घातली.

"मला मनाई आहे," तो म्हणाला. "निकाल रद्द होईपर्यंत मी चाकाला हात लावणार नाही. नियम म्हणजे नियम." मग डेलकडे वळला. "तुझं लायसन्स आहे ना अजून? ऊठ. आणि जाताना पोराला प्यायला पाणी घेऊन जा. तोच जग भरून."