पुळणीतली झोप

आरे-वारेच्या किनाऱ्यासमोर, पाण्यातल्या खडपांच्या पलीकडे, एक लहानसं बेट होतं. मुंबईच्या एका शेठनं तिथं बंगला बांधला, माडांखाली वेताच्या आरामखुर्च्या टाकल्या, आणि मोठी मोठी माणसं हवापालटाला येऊ लागली. स्वराज्य येऊन थोडीच वर्षं झाली होती, तेव्हाची ही गोष्ट.

जमालचं मुंबईत घड्याळांचं दुकान होतं. हिवतापातून तो उठला, पण गुडघे धरले ते सुटेनात. रात्र रात्र कण्हण्यात जाई. शेठ त्याच्या दुकानी नेहमी यायचे. "जा, बेटावर जाऊन नुसता पडून राहा," ते म्हणाले. त्याची बायको हमिदा याच किनाऱ्यावरच्या मिरकरवाड्यात वाढलेली. माहेरच्या समुद्रावर आपण कधी पाहुणी म्हणून येऊ, असं तिला वाटलं नव्हतं. होडीत बसताना ती सारखी हसत होती.

भागोजी होडी चालवायचा आणि त्याची बायको गोदा बंगल्यावर रांधायची. बेटावर दुसरं कुणी नव्हतं. गोदाच्या हातची सुरमई आणि गरम भात खाल्ला, की जमालला गाढ झोप लागायची. हमिदाला तेवढ्यानंच भरून यायचं.

एका दुपारी ओहोटीला दोघं पुळणीवर बसली होती. "पाय वाळूत पुरून बसतो. शेक बसेल," जमाल म्हणाला. हमिदानं स्वतःच्या ओंजळींनी त्याच्या गुडघ्यांवर ऊन ऊन वाळू घातली आणि शेजारच्या आरामखुर्चीत टेकली. वारा गोड होता. तिचा डोळा लागला.

जाग आली तेव्हा वाळू त्याच्या कमरेपर्यंत आली होती.

"अहो, एवढी कशाला ओढून घेतलीत?"

"मी कुठं ओढली?" तो झोपाळू आवाजात म्हणाला.

तिनं हसत हात धरून ओढलं. तो हलला नाही. पुन्हा ओढलं. मग तिचं हसू गेलं.

ती दोन्ही हातांनी उकरू लागली. वाळू भुसभुशीत, कोरडी. काढावी तेवढी आवाज न करता परत भरायची. आणि तिला वास येत होता. समुद्राचा नव्हे... कोऱ्या कापडाचा आणि कापराचा. सासऱ्यांच्या मय्यतीला घरभर असाच वास होता.

तिनं हाक मारायला तोंड उघडलं, तर माडांतून गोदा धावत येत होती. हातात फावडं. मागं दोर घेऊन भागोजी.

"तुला कसं कळलं गो?"

"लाटांचा आवाज थांबला, भाबी."

खरंच थांबला होता. पाणी पुढं पुढं येत होतं, फेस फुटत होता, पण आवाज नव्हता.

"त्यांना बोलतं ठेवा," भागोजी खणता खणता म्हणाला. "निजू देव नका."

हमिदानं जमालचा चेहरा दोन्ही हातांत धरला. "दुकानाची किल्ली कुठं ठेवलीत? सांगा ना. निकाहच्या दिवशी तुमची चप्पल कुणी लपवली होती? अहो, बोला!"

"तुझ्या भावानं... सुलेमाननं..." तो हसला. वाळू आता छातीशी होती. "हमिदा, किती बरं वाटतंय गं. कुठंच दुखत नाही. राहू दे आता..."

"या अल्ला! डोळे मिटू नका!"

एका हातानं त्याचा हात धरून ती दुसऱ्या हातानं खांद्यापर्यंत वाळूत शिरली. नखं फुटली. आणि खोल, खूप खोल, बोटांना घोटा लागला.

"सापडला! पाय सापडला, भागोजी! ओढा!"

जमालनं डोळे उघडले. त्या दुपारी पहिल्यांदाच त्याच्या डोळ्यांत भीती दिसली.

"हमिदा..." तो कुजबुजला. "तो माझा नाही."

तिच्या मुठीतल्या पायाची बोटं सावकाश हलली. कूस बदलताना हलतात तशी.

ती किंचाळली, पण जमालचा हात तिनं सोडला नाही. पाणी तिच्या गळ्याशी आलं तरी सोडला नाही. भागोजीनं तिला कमरेला धरून मागं खेचलं, तेव्हा ती त्याच्या मनगटाला चावली. शेवटी जमालनंच आपली बोटं एकेक करून तिच्या हातातून सोडवून घेतली. अगदी हळुवार, झोपलेल्या बाईला जाग येऊ नये म्हणून सोडवावीत तशी.

दुसऱ्या सकाळी, ओहोटी लागल्यावर, सुलेमान मिरकरवाड्याची माणसं घेऊन आला. हमिदानं जागा दाखवली. पहिलंच फावडं खणकन वाजलं. वीतभर वाळू, आणि खाली काळा अखंड कातळ. दुपारपर्यंत त्यांनी सगळी पुळण उघडी केली. कुठं भेग नाही, बीळ नाही. मांजर पुरता येणार नाही एवढीच वाळू.

"भ्रमात आहे बिचारी," कुणीतरी हळूच म्हणालं.

सुलेमान उकिडवा बसला होता आणि बहिणीनं दाखवलेल्या जागी त्यानं कातळावर तळवा टेकवला होता. आजूबाजूचा कातळ भरतीच्या पाण्याखाली राहून गार पडला होता. तेवढी एक जागा, माणसाच्या लांबीची, कोमट होती. आणि तळव्याखाली ती फार सावकाश वर यायची... आणि खाली जायची.