निळ्या पट्टीचा हेडफोन

"ताई, माझे कान गेले."

एवढंच बोलून धाकट्या भावाने फोन ठेवला. ताईचा धंदाच कान तपासण्याचा. समोरच्या आजोबांना तिने उद्या यायला सांगितलं, भावाला परत फोन लावला आणि असशील तसा दवाखान्यात ये म्हणून दरडावलं.

भाऊ आवाजाची नाटकं बनवायचा. कोण डावीकडून बोलेल, उजवीकडचं दार किती जोरात आपटेल, हे सगळं तो खुर्चीत बसून हेडफोनमध्ये जुळवायचा. स्टुडिओ त्याचा आणि त्याच्या शाळेपासूनच्या मित्राचा, भागीदारीत. भावाने जुळवायचं, भागीदाराने शेवटचं ऐकून, लागलं तर दुरुस्त करून पास करायचं, ही त्यांची जुनी पद्धत.

ताईने त्याला बंद खोलीत बसवलं आणि अगदी बारीक आवाजापर्यंत तपासलं. दोन्ही कान ठणठणीत. शेजारच्यांच्या चुगल्यासुद्धा ऐकू येतील, असं ती म्हणाली, पण भाऊ हसला नाही.

"मग दोन नाटकं परत का आली?" तो म्हणाला. "गिऱ्हाईक म्हणतं, नायक उजवीकडून कुजबुजतो आणि नायिका डावीकडून बोंबलते. तिसरं कोणी देईना. आज संध्याकाळी सगळ्यांसमोर खुर्ची सोडतोय मी."

"हेडफोन बिघडला असेल."

"तेही पाहिलं. माझ्यासारखाच नवा जोड आणला, त्याच कंपनीचा. पेल्यात पाणी ओतल्याचा आवाज दोन्हींत ऐकला. नव्यात पाणी खळखळतं, माझ्यात डावीकडे मेल्यासारखं वाटतं. मग दोन्ही भागीदाराला ऐकवले. तो म्हणाला, अगदी सारखे आहेत, तुझा कानच गेलाय."

"आणि तू मानलंस?"

"त्याचं नाही मानायचं तर कोणाचं मानू?"

ताईला भावाचा राग आला आणि कीवही आली. जन्मभर कानांवर जगलेला माणूस, आणि स्वतःच्या कानांपेक्षा मित्राच्या शब्दावर त्याचा जास्त भरवसा. तिने दवाखान्याला कुलूप घातलं आणि त्याच्याबरोबर स्टुडिओत गेली.

दोन्ही हेडफोन टेबलावर होते. जुळी भावंडंच. ओळखायला म्हणून भावाने आपल्या हेडफोनच्या दांडीवर निळी चिकटपट्टी लावली होती. दोन्हींची वायर डाव्या कानावर बसणाऱ्या कपातून निघत होती.

ताईने आधी नवा घातला. पाणी दोन्ही कानांत सारखं वाजलं. मग निळ्या पट्टीचा घातला. डावीकडे पाणी मेलेलं. भाऊ खरं सांगत होता. आता तिने तोच हेडफोन उलटा घातला, डावा कप उजव्या कानावर. मेलेलं पाणी उजवीकडे आलं.

म्हणजे कानाचा प्रश्नच नव्हता. दोष त्या कपात होता. तिने कपाची गादी नखाने उचकटली. आत कापसाचा पातळ थर होता, कात्रीने गोल कापून नीट बसवलेला. आपोआप तिथे गेलेला नक्कीच नव्हता. कापूस आतच ठेवून तिने गादी होती तशी दाबून बसवली.

स्टुडिओत भाऊ सोडून तिघेच. खुर्ची जिला मिळणार होती ती शिष्या, दारावर आणि फोनवर बसणाऱ्या मावशी, आणि भागीदार.

शिष्येला विचारलं तर ती रडवेली झाली. तिला ही खुर्ची नकोच होती. सरांचा हेडफोन तिने कधी डोक्याला लावला नव्हता. इथे कोणी दुसऱ्याचा हेडफोन घालत नाही, असं तिने सांगितलं.

मावशींना विचारायचीच खोटी. पहिलं नाटक परत आल्यावर भाऊ दुसऱ्या दिवशी घरीच कसा पडून राहिला, हे त्यांनी रंगवून सांगितलं.

"पण खुर्ची रिकामी नव्हती हो. भागीदारसाहेब बसले होते, तो निळ्या पट्टीचा घालून. वायर उजव्या खांद्यावरून खाली, थेट चहात बुडायला आलेली. मी उचलून बाजूला केली तर केवढे दचकले! चहा सांडला तो मीच पुसला."

मग भागीदार. ताईच्या हातचं खाऊन वाढलेला. तिला पाहून उठला, खुर्ची दिली, भावाबद्दल हळहळला.

"तू दोन्ही हेडफोन ऐकलेस ना?"

"हो ताई. त्याच्या समोरच ऐकले, एकदाच. सारखे वाजतात."

"त्याआधी त्याचा कधी घातला होतास?"

"छे! दुसऱ्याचा हेडफोन आम्ही घालत नाही."

ताई बरं म्हणाली आणि उठली.

संध्याकाळी सगळे जमले. भाऊ बोलायला उभा राहणार तेवढ्यात ताईने त्याला दंडाला धरून खाली बसवलं. नवा हेडफोन तिने भागीदाराला घालायला लावला, सरळ, वायर डावीकडे. शिष्येने ताईच्या सांगण्यावरून पाण्याचा आवाज लावला.

"कसं वाजतंय?"

"झकास. दोन्हीकडून स्वच्छ."

शिष्येने मान खाली घातली. डावी बाजू तिने बंद ठेवली होती.

ताईने ते सांगितल्यावर भागीदाराचा चेहरा उतरला. हेडफोन काढून त्याने टेबलावर ठेवला. मग म्हणाला, "कबूल आहे. डाव्या कानाने मला धड ऐकू येत नाही. लाज वाटली म्हणून लपवलं. दोन्ही हेडफोन मला खरंच सारखे वाटले, ताई. यात माझा काय गुन्हा?"

मावशींना एकदम वाईट वाटलं. भाऊ तर त्याच्याकडे जायला उठलाच.

"बस खाली," ताई म्हणाली. "मीही हेच मानलं असतं. पण याने तुझा हेडफोन आधीही घातला होता, तू घरी पडून होतास त्या दिवशी. वायर डाव्या कपातून निघते. मावशींनी पाहिलं तेव्हा ती याच्या उजव्या खांद्यावर होती. म्हणजे हेडफोन उलटा होता, डावा कप याच्या उजव्या कानावर, याच्या चांगल्या कानावर. त्या कपात काय कमी झालंय ते याला नीट ऐकू येत होतं. आणि मला म्हणाला, कधी घातलाच नाही."

तिने निळ्या पट्टीच्या हेडफोनची गादी काढून कापूस टेबलावर ठेवला.

"पहिलं नाटक तुझ्या हातून बिघडलं," ती भागीदाराला म्हणाली. "मुद्दाम नाही. पास करताना डावीकडचं कमी ऐकू आलं, म्हणून तू ते वाढवलंस. तक्रार आली तेव्हा तुझं तुला कळलं. दोघांपैकी एकाचा कान गेलाय हे आता बाहेर येणार होतं. तो माझ्या भावाचा ठरावा म्हणून तू हा कापूस घातलास. आवाज पुरेसा दबला का, ते बघायचं तर तुला कप उजव्या कानावरच आणावा लागणार. यालाही मग डावीकडचं कमी ऐकू यायला लागलं, यानेही ते वाढवलं, आणि दुसरं नाटक परत आलं. बिचारा तुलाच विचारायला आला, आणि तू त्याला बहिरा ठरवलंस."

हा कान गेल्यावर आपल्याला कोण विचारणार होतं, असं काहीतरी भागीदार पुटपुटला. मावशींनी तोंड फिरवलं.

भाऊ उठला. मित्राच्या डाव्या बाजूला जाऊन उभा राहिला. हळू आवाजात म्हणाला,

"एकदा सांगायचं होतंस रे. तुझं डावीकडचं मी ऐकलं असतं."

भागीदार वळला. कानामागे हात नेऊन म्हणाला, "काय म्हणालास?"

भाऊ आपल्या खुर्चीत जाऊन बसला आणि शिष्येला परत आलेलं पहिलं नाटक लावायला सांगितलं.