सम्राटचं बिनआवाजी कडवं

माझ्या वर्गातली पोरं हल्ली बाकावर बोटांनी ठेका धरून रॅप करतात. मी अकरावीला भौतिकशास्त्र शिकवते. ओरडायचं सोडून एकदा मी म्हटलं, "तुमचं हे आत्ताचं. आमच्या घरात पंचवीस वर्षांपूर्वी चालायचं." पोरं हसली. मॅडम थापा मारतात, असं त्यांना वाटलं.

थाप नव्हती. माझा थोरला भाऊ सम्राट आणि त्याचा दोस्त आदर्श यांना कुणीतरी मुंबईहून एक व्हिडिओ कॅसेट आणून दिली होती. परदेशी रॅपवाल्यांची जुनी गाणी होती तीत. गळ्यात जाड साखळ्या, खांद्यावर भला मोठा टेपरेकॉर्डर, रस्त्यात पेटवलेलं पिंप आणि कॅमेऱ्याच्या काचेला नाक लावून बोलणारी माणसं. एक शब्द कळायचा नाही. तरी कोल्हापुरात गंगावेशीतल्या आमच्या घरात, गोठ्यावरच्या खोलीत, ती कॅसेट फीत झिजेपर्यंत चालली.

वर्गातल्या त्या बोलण्यानंतरच्या रविवारी मी तीच गाणी मोबाइलवर शोधली. सगळी सापडली. सम्राट गेल्यापासून मी त्यांतलं एकही ऐकलं नव्हतं. एकामागून एक बघितली, भांडी घासली, परत बघितली. काही वाटलं नाही. मला गेली पंचवीस वर्षं कशाचंच फारसं काही वाटत नाही. लोक म्हणतात पूर्णिमा मनानं घट्ट आहे. म्हणू देते.

त्यातलं एक गाणं मी आदर्शदादाला पाठवलं. तो आता लग्नांचं शूटिंग करतो. त्याचा लगेच फोन आला.

"अगं, आपलं बी हाय की! आपला व्हिडिओ. फीत माळ्यावर घावली. साफ करून घेतलीय. पाठवू?"

"पाठव."

"आक्कांना दावायच्या आधी तू बघ खरं."

आक्का म्हणजे आमची आई.

दिवाळीच्या पाडव्याला आमच्याकडं म्हशी मिरवतात. शिंगं रंगवायची, पाठीवर नक्षी काढायची, गळ्यात घुंगरमाळ घालायची. मालक सायलेन्सर काढलेल्या मोटरसायकलवर पुढं आणि म्हैस मागून पळत. दोरी लागत नाही. आपल्या मालकाची हाक ती एवढ्या गर्दीतून ओळखते. सम्राटला त्याच्या गाण्यात ही मिरवणूक हवी होती. पाडवा वर्षातून एकदाच, आणि पुण्याच्या स्टुडिओची तारीख मिळाली त्यानंतरची. मग या दोघा शहाण्यांनी उलटं काम केलं. ठेका तयार होता, आदर्शदादाचं कडवं भरून झालं होतं. चित्र आधी काढून घेतलं, सम्राटचा आवाज मागाहून भरायचा ठरलं. सम्राट कधी काही लिहून ठेवत नसे. सगळं डोक्यात. आदर्शदादालाही ते कडवं त्यानं आधी ऐकवलं नव्हतं, आणि मिरवणुकीतल्या गाड्यांच्या आवाजात काही ऐकू आलं नाही. पुण्याला जाताना कऱ्हाडच्या अलीकडं त्याला ट्रकनं उडवलं.

त्यामुळं व्हिडिओत आदर्शदादाचं कडवं ऐकू येतं आणि मग सम्राट दिसतो. उलटी टोपी, आमच्या वडिलांची ढगळ विजार, गळ्यात सोनेरी रंग दिलेली म्हशीची साखळी. गाडीवर बसून कॅमेऱ्याकडं बघत तो बोलतो. मागं आमची हरणी पळते. त्याचे ओठ हलतात आणि ऐकू येतो तो नुसता ठेका.

आक्कानं तो व्हिडिओ मोबाइल हातात धरून बघितला. रडली नाही. आमच्या घरात ते कुणालाच जमत नाही.

"काय म्हणतोय गं?"

"आवाज भरायचा राहिला, आक्का."

"ते ठावं हाय मला. म्हणतोय काय, ते इचारलं."

गोठ्यात आता एकच म्हैस होती, चंद्री. ती विकून आक्काला माझ्या फ्लॅटवर न्यायचं म्हणून मी तीन वर्षं डोकं आपटत होते. आक्का हलायला तयार नव्हती. त्या दिवशी आपणहून म्हणाली, "माझं लेकरू काय म्हणतंय तेवढं कळू दे. मग गोठा बंद कर, न्हे मला कुठं न्ह्यायचं तिकडं."

मी कामाला लागले. माझी मैत्रीण स्वप्नाली ऐकू न येणाऱ्या मुलांच्या शाळेत शिकवते, तिला ओठ वाचता येतात. तिनं ते कडवं चार-पाच वेळा बघितलं.

"गाणं वाटत नाही गं हे," ती म्हणाली. "एकेक शब्द म्हणून थांबतोय. हाका मारल्यासारखा."

"कुणाला?"

"ते काय कळत नाही." तिनं मोबाइल परत दिला आणि चहा न घेताच गेली.

संध्याकाळी धार काढताना आक्का मोबाइल गोठ्यात घेऊन बसली. सम्राटचं कडवं आलं आणि आक्काचा हात लागायच्या आधीच चंद्रीनं पान्हा सोडला. दूध पेंडीवर सांडलं. मी म्हटलं, ठेक्यातला खर्ज जनावराला जाणवत असणार. शिकवणाऱ्या माणसाला कारण लगेच सुचतं.

दुसऱ्या दिवशी मी पडताळून बघितलं. वरच्या खोलीत दार लावून घेतलं, मोबाइलचा आवाज पूर्ण बंद केला आणि खिडकीतून खाली गोठ्यात बघत राहिले. आदर्शदादाचं कडवं चाललं होतं तोवर चंद्री रवंथ करत होती. सम्राटचे ओठ हलले आणि तिनं मान वर केली. कान रस्त्याकडं वळवले. ओठ थांबले, तिनं मान खाली घातली. मी परत लावलं. परत तेच झालं.

आक्का पाठमोरी बसून शेण सारवत होती. त्याच वेळी तिचाही हात थांबत होता.

मी खाली गेले. आक्का पुटपुटत होती, "हरणी... सुंदरी... गवळण... चंद्री."

"हे काय?"

"म्हणतोय तो. नावं घ्यालाय."

हरणी सम्राटच्या वेळची. सुंदरी आम्ही तो गेल्यावर कोडोलीच्या बाजारातून आणली. गवळण तिची लेक, आणि चंद्री गवळणीची.

"ही नावं त्याला कुठली ठाऊक असणार, आक्का?"

"मला काय ठावं? म्हणतोय खरं." आणि मग म्हणाली, "चंद्रीपाशी लई येळ थांबला आज."

चंद्री त्याच आठवड्यात गेली. मेली नाही, गेली. दावं खुंटीला होतं, गळ्याचा फास होता तसा बंद होता. मी पोलिसात तक्रार दिली. रोज दुधाला येणारे बाळासो दारात उभे राहून विचारू लागले, "म्हस कुठं धाडलासा, बाई? काल दुपारी रंकाळ्याच्या अंगाला पळत जाताना बघितली की."

"एकटीच होती?"

"एकटी कशी? मालक हुता की फुडं, गाडीवर. सायलेन्सर काढल्याला. कान बसलं माझं."

मी त्यांना चेहरा विचारला नाही.

आक्का शांत होती. गोठा धुतला, दावं गुंडाळून ठेवलं. मी म्हटलं, "आता चल फ्लॅटवर. कळलं ना तो काय म्हणतो ते?"

"समदं न्हाय कळलं. चंद्रीच्या फुडं हाय अजून."

"पुढं काय म्हणतो?"

ती माझ्याकडं बघून हसली. कितीतरी वर्षांनी हसली. "तू ऐकत न्हाईस व्हय, पूर्णे?"

रविवारी दुपारी मी पुढच्या खोलीत पेपर तपासत बसले होते. आक्का मागं गोठ्यात होती. गोठ्याच्या फाटकाला चंद्री गेल्यापासून कुलूप होतं आणि किल्ली माझ्या पर्समध्ये. बाहेर जायचं तर माझ्यासमोरून जावं लागलं असतं.

चारला मी चहा घेऊन गेले. गोठ्यात कुणी नव्हतं. कुलूप तसंच होतं.

आक्काच्या चपला नव्हत्या.

पोलीस आले, नातेवाईक आले. आदर्शदादा कोपऱ्यात उभा राहून रडला. मी सगळ्यांना चहा केला. मला काही वाटलं नाही. वाटायला हवं होतं, एवढं मात्र वाटलं.

सगळे गेल्यावर मी व्हिडिओ लावला. आवाज बंद ठेवला.

आता मलाही कळत होतं. हरणी. सुंदरी. गवळण. चंद्री.

मग तोंड मोठं उघडलं. आक्का.

मग सम्राट थांबला. गाडीवरून त्यानं थेट माझ्याकडं बघितलं आणि दोन्ही ओठ मिटून घेतले. लहानपणी मला हाक मारायच्या आधी मिटायचा तसे.

पंचवीस वर्षांत पहिल्यांदा डोळ्यांतून पाणी गळायला लागलं आणि मला फार बरं वाटलं.

मोबाइल खाली ठेवला. मी उठून उभी होते, ते तेव्हा माझ्या ध्यानात आलं.

पायात चपला होत्या.