जुनी पट्टी निघाल्याशिवाय

"उतरव, हळू उतरव! चिकूची टोपली सुद्धा माणूस दोन्ही हातांनी उतरवतो रे तुषार... आणि आत ये की! बापाला पायरीवर ठेवून परस्पर वळलास तर बायको जास्त भाकऱ्या वाढते वाटतं?"

तुषारने वडिलांची पिशवी ओट्यावर ठेवली, गाडीला किल्ली लावली आणि तलासरीच्या रस्त्याला लागला. आईच्या, म्हणजे चंद्रिकाबाईंच्या जिभेला तोंड द्यायची हिंमत त्याला शाळेतल्या पोरांसमोर मिळवलेल्या मास्तरकीने कधीच दिली नव्हती.

दर महिन्याला हे असंच चालायचं. वासुदेवराव एक महिना धाकट्या तुषारकडे तलासरीला, एक महिना थोरल्या उमेशकडे डहाणूला. आणि चंद्रिकाबाई? त्या मात्र बाराही महिने डहाणूलाच, कारण उमेशची बायको भारती नोकरीला जायची आणि घरातली चूल पेटायला कुणीतरी हवंच होतं! मुलांनी आई-बापाची अशी वाटणी केली तेव्हा त्या बाईच्या काळजाचे दोन तुकडे झाले होते... पण बोलल्या नाहीत. आपण तोंड उघडलं तर दोघं भाऊ एकमेकांचं तोंड बघणार नाहीत, हे त्या माउलीला ठाऊक होतं. म्हणून तो विरह त्यांनी गिळला, आणि गिळलेलं सगळं मग जिभेवाटे बाहेर पडत राहिलं.

वासुदेवरावांचा जन्म रेल्वेच्या सिग्नल केबिनमध्ये गेला होता. पुढची गाडी लाईन मोकळी करून गेल्याशिवाय मागच्या गाडीला 'लाईन क्लिअर' द्यायची नाही, हा त्यांचा धर्म. आता सगळं विसरले होते... घर विसरले, नातवंडांची नावं विसरले, कधी कधी चंद्रिकेलाही विसरले. पण न्हाणीघराच्या दारात अजून थबकायचे आणि विचारायचे, "लाईन क्लिअर?" कुणी "क्लिअर" म्हटल्याशिवाय पाऊल टाकायचे नाहीत. नातवंडं खिदळायची. भारती कपाळाला आठ्या घालायची.

त्यांच्या या आजारावर डॉक्टरांनी औषध दिलं होतं. कसलं, ते चंद्रिकाबाईंना कुणी सांगितलंच नव्हतं! एकदा विचारलं, तर भारती म्हणाली, "आई, ते आमचं आम्ही बघतो. तुम्ही त्यात नका पडू, तुम्हाला नाही समजायचं." माहेरी, सायवनच्या शाळेत दुसरीपर्यंत गेलेल्या बाईला आणखी काय उत्तर मिळणार! त्या शब्दाचा काटा मात्र तेव्हापासून आत सलत होता.

त्या रविवारी, तुषार वळताच, भारतीने सासऱ्यांना आत नेलं, दार लोटलं, काहीतरी केलं आणि बाजारात निघून गेली. चंद्रिकाबाईंनी नवऱ्याचा घामाने भिजलेला सदरा बदलायला घेतला. बनियनच्या पट्ट्याखाली उजव्या खांद्यावर कातडीच्याच रंगाची एक गोल चिकटपट्टी दिसली. त्या स्वतः कंबरदुखीला लावायच्या तशीच होती की ही!

"खांदा दुखतो का हो? तिकडे उचलाउचल करायला लावली का त्या सईनं?"

वासुदेवरावांनी मान हलवली. ते हल्ली कशालाही मान हलवायचे.

झालं! चंद्रिकाबाईंचा संताप मस्तकात गेला. धाकट्या सुनेचा उद्धार करत करत त्यांनी तव्यावर मीठ भाजलं, जुन्या धोतराच्या फडक्यात पुरचुंडी बांधली आणि त्या पट्टीवरून शेक द्यायला बसल्या. केवढं सुख होतं त्या बसण्यात! महिनाभराने आपल्या माणसाच्या अंगाला आपला हात लागत होता. वासुदेवराव डोळे मिटून पडले होते, आणि ती मानी बाई, कुणी बघत नाही ना याची खात्री करून, त्यांच्या पांढऱ्या केसांवरून हात फिरवत होती...

दुपार कलली आणि वासुदेवरावांना उलटी झाली. मग दुसरी. अंग घामाने थबथबलं, आणि न्हाणीघराच्या दारात, "लाईन..." एवढंच म्हणून ते कोसळले!

"उमेश! अरे उमेश! धाव!"

दवाखान्यात तरुण डॉक्टरबाईंनी नाडी धरली आणि त्यांचा चेहरा बदलला. "ठोके फार कमी झालेत. यांना कोणतं औषध चालू आहे?"

"स्मरणशक्तीची पट्टी," उमेश म्हणाला. "अंगावर लावायची, रोज एक."

डॉक्टरबाईंनी सदरा-बनियन काढलं. एक पट्टी उजव्या खांद्यावर होती आणि दुसरी, बनियनने झाकलेली, पाठीवर डावीकडे! दोन्ही ओढून काढल्या, कातडी धुतली, सलाईन लावलं.

"दोन पट्ट्या कुणी लावल्या? आणि हा खांदा भाजल्यासारखा लाल का झालाय?"

तलासरीहून तुषार आणि सई धावत आले होते. सई रडवेली होऊन पुटपुटली, "सकाळी मी पाठीवर लावली. पाठवताना नीट करून पाठवावं, इकडून बोल नको यायला म्हणून..."

"आणि इथे आल्याबरोबर मी खांद्यावर लावली!" भारती कडाडली. "तुझा काय भरवसा? मला वाटलं, विसरली असशील!"

"विचारायचं होतं ना ताई! फोन होता!"

"गणपतीपासून तू माझ्याशी बोलतेस का, विचारायला?"

"आणि शेक?" डॉक्टरबाईंनी मधेच विचारलं. "गरम काय ठेवलं यावर? उष्णतेने औषध भराभर अंगात उतरतं. दोन पट्ट्यांचं आधीच जास्त झालं, त्यावर हे!"

उमेश आईकडे वळला. "आई! तू शेक दिलास? किती वेळा सांगितलं, औषधपाण्यात हात घालू नकोस! काही कळत नाही तर..."

बस! इतक्या दिवसांचा बांध त्या एका शब्दाने फुटला.

"कळत नाही? कोणी कळवलं मला? पट्टीवर लिहिलेलं मला वाचता येत नाही, पण ऐकायला कान दिलेत ना देवाने! 'आई, ही दुखण्याची नाही, ही डोक्याची, हिच्यावर शेक देऊ नको...' एवढं सांगायला तुझी जीभ झिजली असती? तुम्ही शिकलेले ना सगळे? हा कचेरीत साहेबासमोर बसतो, तो मास्तर, या दोघी डबल पदवीच्या! आणि त्यांनी काय केलं, तर अबोल्यापायी बापाच्या अंगावर विष चढवलं! तुमच्या वाटणीत मी नवरा दिला रे... दर महिन्याला पायरीवरून दिला, पायरीवरून घेतला, तोंडातून अवाक्षर काढलं नाही! कशासाठी? भावाभावांत फूट नको म्हणून! आणि तुम्ही..."

त्यांची नजर आपल्या उजव्या हाताकडे गेली. याच हाताने शेक दिला होता... केवढ्या मायेने दिला होता! एवढा वेळ चारचौघांवर बरसणारी ती बाई त्या हाताकडे बघत मटकन खाली बसली. आपला काही दोष नाही, हे जिभेने सिद्ध केलं होतं, पण काळीज ते मानायला तयार नव्हतं.

सई पुढे आली आणि त्यांच्या पायांशी बसली. "आई, माझं चुकलं हो..."

भारती भिंतीला टेकून उभी होती. शेवटी तीही खाली बसली, आणि सासूचा तोच हात तिने आपल्या दोन्ही हातांत धरला. "आई, तुम्हाला कळत नाही असं मी म्हणाले होते. मला क्षमा करा."

"क्षमा गेली खड्ड्यात," चंद्रिकाबाईंनी डोळे पदराने कोरडे केले. "आधी दोघी एकमेकींशी बोला. माझ्यासमोर. आत्ता!"

"ताई..." सई म्हणाली, आणि भारतीने तिला कवटाळलं.

रात्रीतून ठोके सावरले. सकाळी डॉक्टरबाई समजावायला आल्या, तेव्हा उमेशने खिशातून पेन काढलं. चंद्रिकाबाईंनी त्याला हाताने मागे सारलं.

"मला सांगा, डॉक्टरबाई. हे माझ्याकडे राहणार. पाहिजे त्याने येऊन भेटावं, माणूस आता इकडून तिकडे जाणार नाही."

दोन्ही मुलांनी माना खाली घातल्या. उमेशने पेन परत खिशात ठेवलं.

डॉक्टरबाई स्टूल ओढून त्यांच्यासमोर बसल्या. थोडे दिवस पट्टी बंदच ठेवायची. मग मी तपासून सांगेन तेव्हा, सांगेन त्याच ताकदीची. अंगावर एका वेळी एकच. आधी जुनी काढायची, मगच नवी, आणि ती नव्या जागी. शेक नाही, उन्हात बसवणं नाही. पट्टी कापायची नाही. एक दिवस राहिली तर भरपाई म्हणून दोन लावायच्या नाहीत. काढलेली दुमडून पोरांच्या हाताला लागणार नाही अशी टाकायची, हात धुवायचे. उलट्या झाल्या, चक्कर आली, तर पट्टी काढून लगेच इकडे.

चंद्रिकाबाईंनी सगळं पुन्हा म्हणून दाखवलं. एकही गोष्ट सुटली नाही. मग पलंगावरच्या माणसाकडे बघून म्हणाल्या, "ऐकलंत? तुमचाच कायदा आहे हा. जन्मभर गाड्यांना लावलात, आता तुम्हाला लागला."

पंधरवडा उलटून गेल्यावर डॉक्टरबाईंनी पट्टी पुन्हा सुरू केली, कमी ताकदीची. दुसऱ्या दिवशी सकाळी आंघोळ झाल्यावर वासुदेवराव ओट्यावर बसले होते. भारतीने नवी पट्टी आणून सासूच्या हातात दिली. फोनवर सई होती, "ताई, आज उजवीकडे ना?" असं विचारत.

"तुम्ही कोण?" वासुदेवरावांनी चंद्रिकाबाईंना विचारलं.

त्यांची जीभ मात्र शाबूत होती. "तुमची केबिनवाली! हलू नका."

डाव्या खांद्यावरची कालची पट्टी त्यांनी अलगद सोडवली, चिकट बाजू आत करून दुमडली. मग पुढ्यात येऊन दोन्ही हात त्यांच्यासमोर धरले. डाव्यात जुनी, उजव्यात नवी.

"गेली बघा जुनी गाडी. आता?"

वासुदेवरावांनी दोन्ही हातांकडे नीट पाहिलं. पाठ ताठ झाली. त्या विझलेल्या डोळ्यांत कुठूनतरी जुन्या अधिकाराचं तेज आलं, आणि त्यांनी हिरवं निशाण दाखवावं तसा हात उंचावला.

"लाईन क्लिअर... चंद्रिके."