फरारींची हजेरी

हरणगाव संस्थानच्या पायदळ पलटणीचा सत्यजितला मनापासून तिटकारा होता, आणि तिचा इतिहास लिहायला बसला होता तोच. दसऱ्याला महाराजांच्या हत्तीपुढे मिरवण्यापुरती फौज! पहिल्या महायुद्धात साहेबाने तिला बोटीत कोंबून अरबस्तानात तांबड्या समुद्राच्या काठी, यान्बू आणि राबिघ या बंदरांच्या मधे आणून टाकलं. तिथल्या शेवटच्या हजेरीला एक्केचाळीस जणांनी ओ दिली नाही. सगळ्यांच्या नावापुढे एकच शेरा पडला, फरारी.

"भेकड लेकाचे," सत्यजित म्हणे. त्याच्या बायकोला, पद्मजाला, ते झोंबायचं. यादीतला शेवटचा शिपाई तिचा पणजोबा होता.

"पळाला असं छापू नकोस रे. आई अजून त्याचं पान वाढते," ती विनवायची.

"पळपुट्याला कसलं आलंय पान!"

त्या शुक्रवारी त्याला यान्बूच्या रिफायनरीतल्या नोकरीतून सुट्टी होती, म्हणून तो पलटणीच्या जुन्या छावणीच्या जागेचा फोटो काढायला गेला. भर दुपार. खारट माती, चार खुरट्या बाभळी, चिटपाखरू नाही. पुस्तक दोन दिवसांत छापायला जायचं होतं. गाडीला टेकून त्याने यान्बूला घरी फोन लावला. तो फरारींच्या मूळ यादीतली नावं वाचणार, पद्मजा तिच्या प्रतीवर खुणा करणार, ही त्यांची नेहमीची रीत.

पाच-सहा नावं झाली.

"चेष्टा पुरे हं," पद्मजा म्हणाली.

"कसली चेष्टा?"

"प्रत्येक नावाला 'हजर' म्हणतोयस. तेही वेगवेगळे आवाज काढून."

त्याने मागे वळून पाहिलं. कोणी नव्हतं. वारा मात्र पडला होता, आणि कुठून तरी ओल्या घोंगडीचा वास येत होता.

"लाइन खराब असेल. संध्याकाळी बघू," तो म्हणाला. त्याने यादी मिटायला घेतली.

"थांबू नकोस. तिथेच आहेत ते, पळाले नव्हते! वाच."

तो वाचत गेला. प्रत्येक नावानंतर ती पुटपुटायची, "आहे." त्याला स्वतःला मात्र एकही 'हजर' ऐकू येत नव्हता. वास वाढत होता.

चाळीस झाले.

"आता त्याचं," पद्मजा म्हणाली.

"राघोजी बिन तुकाराम."

"हजर."

या वेळी सत्यजितने ऐकलं. घोगरा, थकलेला पुरुषी आवाज. फोनमधून, पद्मजाच्या अगदी जवळून आलेला.

"बघ ना," पद्मजाला रडू फुटलं, "माझ्याच पणजोबाने ओ दिली नाही."

यान्बूच्या घरात ती एकटीच होती.