बिसाहूचा शेवटचा हात

सौमित्रचं रोजचं जगणं तसं साधं. दिवसभर नवा रायपूरच्या एका सरकारी कचेरीत कॉम्प्युटरपुढे बसायचं आणि संध्याकाळी पुरानी बस्तीतल्या भाड्याच्या घरी आलं की चहा अर्धा टाकून मागच्या खोलीत शिरायचं. तिथे त्याचा पॅड होता. ताटाएवढी काळी चपटी पेटी, वर रबराचे चौकोन. एकेका चौकोनात एकेक आवाज भरायचा आणि बोटांनी वाजवायचं. पेटी स्वतः मुकी. आवाज निघायचा तो लॅपटॉपातून, आणि कुठलं बोट किती जोरात पडलं हेही लॅपटॉपच लक्षात ठेवायचा. वरातींसाठी डीजेची गाणी बनवायचा तो. त्याची बायको चित्रा त्या पेटीला सवत म्हणायची, आणि ते अगदीच थट्टेनं नव्हे.

दिवाळीत मागच्या पाऱ्यात, म्हणजे मोहल्ल्यात, गौरा-गौरी बसली, मातीचे शंकर-पार्वती. तिथलाच म्हातारा बिसाहू गळ्यात डफासारखा दफडा अडकवून आला. त्याचा एक ठेका असा, की तो सुरू झाला की घोळक्यात कुणाच्या तरी अंगात येणारच. केस सुटतात, मान घुमायला लागते. मग बिसाहू दुसरा, संथ हात वाजवतो आणि आलेलं उतरवतो. सौमित्रनं पहिला ठेका भरून घेतला आणि रेकॉर्डर बंद करून टाकला. या धंद्यात तुकडा कापून गोल फिरवत ठेवायचा असतो, त्याला लूप म्हणतात. फिरत्या तुकड्याला शेवट कशाला हवा?

"आखरी के हाथ घलो भर लेस ना, बाबू?" उतरवायचा शेवटचा हातही भरून घेतलास ना, असं बिसाहूनं विचारलं.

"हव, कका," सौमित्र बेधडक म्हणाला. म्हाताऱ्याचं मन राखायला एवढी थाप चालते, असं त्याला वाटलं.

ठेका पॅडवर झकास बसला. गुढ़ियारीत साउंडचं दुकान चालवणारा त्याचा दोस्त भार्गव तो ऐकून येडाच झाला. "भाऊ, हे मले देऊन टाक," म्हणून मागेच लागला. सौमित्रनं हसण्यावारी नेलं.

मग एका संध्याकाळी त्यानं लॅपटॉप उघडला, तर त्यात त्यानं न वाजवलेलं काहीतरी भरलेलं होतं. दुपारचं. तेव्हा तर तो कचेरीत होता. ठेका तोच, पण कुणीतरी बोटांनी नव्यानं वाजवलेला. कुठे जोरकस, कुठे दमून हलका. माणसाचा हात लपत नाही. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच, आणि त्यानंतर रोज, आदल्या दिवसापेक्षा लांब.

"दुपारी कोणी येते काय घरी?" त्यानं विचारलं.

चित्रा भाजी चिरत होती. तिचा हात थांबला. "काहून विचारून राहिला?" ती म्हणाली, आणि त्याच्याकडे अशी बघत राहिली की चोर जणू तोच.

झालं! संशयाचं भूत मानगुटीवर बसलं की माणसाला घरातलं सगळं वेगळंच दिसायला लागतं. मोरीत दोन कप होते. भर दुपारी तिची वेणी घातलेली असायची. त्याला सगळ्यात लागलं ते हे, की हल्ली ती पॅडबद्दल कुरकुर करेनाशी झाली होती. भार्गवच असणार. गाण्यासाठी येत असेल, की... पुढचं त्याला मनातसुद्धा म्हणवेना, आणि म्हटल्यावाचून राहवेना. रात्री शेजारी झोपलेल्या बायकोकडे तो परक्या बाईकडे बघावं तसा बघायचा. ती जागी असायची आणि तिला ते कळायचं.

शेवटी एका दुपारी पोटदुखीचं निमित्त करून तो कचेरीतून सटकला. मुद्दाम गुढ़ियारीचा वळसा घेतला. भार्गवच्या दुकानाला कुलूप असणार अशी त्याची खात्रीच होती. पण भार्गव तिथेच, एका फाटक्या स्पीकरमध्ये कोपरापर्यंत हात घालून बसलेला. "काय भाऊ, आज इकडे कुठी?" त्यानं हसून विचारलं. सौमित्रनं काहीतरी पुटपुटून गाडी वळवली. त्याला हायसं वाटायला हवं होतं, पण वाटलं नाही. मग घरी कोण?

जिन्यातच ठेका ऐकू आला. बाहेर लख्ख ऊन, गल्लीत भाजीवाली ओरडत होती, आणि जिन्यात गौरा-गौरीपुढे जळतो तसल्या हूम-धुपाचा वास कोंडलेला. चित्रा धूप कधी लावत नसे.

त्यानं दार ठोठावलं. चित्रानं उघडलं. तिच्या हातात चहाचा कप होता.

"अंदर कोण आहे?"

ती त्याच्याकडे बघतच राहिली. मग मागच्या खोलीच्या लोटलेल्या दाराकडे, पुन्हा त्याच्याकडे.

"तू..." ती कुजबुजली. "तू तं अंदर आहे."

"काय बडबडून राहिली!"

"रोज दुपारी तूच तं येतं. म्हणतं, साहेबानं लवकर सोडलं. चहा पितं, माझ्याशी बोलतं... मंग वाजवत बसतं. अन् संध्याकाळी पुन्हा येऊन विचारतं, कोण आलं होतं. मले वाटलं, माझी परीक्षा घेऊन राहिला..."

सौमित्र त्या दारापाशी गेला. ढकलायचा धीर झाला नाही, फटीतून पाहिलं. पॅडचे चौकोन पेटत-विझत होते. पॅडपुढे कुणीतरी पाठमोरं बसलेलं, अंगात आज सकाळी त्यानं घातलेलाच शर्ट. स्वतःची पाठ माणसाला कधी दिसत नाही, तरी ती त्यानं ओळखली. तो भिंतीला धरून मागे सरला. भीती वाटलीच, पण त्याहून जास्त लाज वाटली. ज्या बाईवर त्यानं वहीम घेतला, ती इतके दिवस याच्यासोबत एकटी होती.

उघड्या दारात बिसाहू येऊन उभा राहिला. गळ्यात दफडा, हातात काड्या.

"रोज सुनत हंव," तो म्हणाला. "चढ़त हे, चढ़त हे... उतरत नइ हे." त्यानं फटीतून आत पाहिलं. मग सौमित्रकडे पाहिलं. आणि दोघांनाही सोडून तो चित्राकडे वळला.

"कोन ला उतारंव, नोनी? तहीं बता." दोघांतल्या कुणाला उतरवायचं, ते तिनं सांगायचं होतं.

"कका, खरा मी आहो ना!" सौमित्र ओरडला. "चित्रा, सांग ना यायले!"

चित्रानं कप खाली ठेवला. "पहिल्यांदा भेटलो तवा," तिनं हळूच विचारलं, "मी घरी काय घालून गेली होती?"

"माझे बूट," तो घाईनं म्हणाला. "तेलीबांध्याच्या तलावावर तुझी चप्पल तुटली होती. मी अनवाणी गेलो."

तिच्या डोळ्यांत पाणी आलं. "त्यानंबी चहा पिता पिता हेच सांगतलं होतं," ती म्हणाली. आतला ठेका जरा मंदावला, कुणी कान देऊन ऐकावं तसा. "पण तो माझ्याकडे तसा नाही बघत... तू बघतं तसा."

"चित्रा..."

तिनं पदरानं डोळे पुसले आणि बोट उचललं. सौमित्रकडे.

बिसाहूची काडी दफड्यावर पडली. एक संथ, जड हात.

आत पॅड वाजतच राहिला, जराही न चुकता. सौमित्रनं आधाराला चौकट धरायला हात पुढे केला. चौकट होती तिथेच, पण हाताला लागली नाही.